दोघं आमच्या अगाशीवर येतात

मागच्या महिन्यात मी एका मुलाला बुद्धीच्या कसोटीत एका उत्तरासाठी शून्य दिलं. नियमाप्रमाणेच दिलं, पण ते मनातून जात नाहीये, म्हणून आज लिहायला बसलेय.

मुलगा साडेसात वर्षांचा, बडोद्यातच राजवाड्याच्या मागच्या अंगाला राहणारा. घरात मराठी, खाली उतरलं की गुजराती, शाळेत इंग्लिश आणि कार्टून हिंदीत. शाळेने चिठ्ठी दिलेली की वाचनात मागे पडतोय, टेस्टिंग करून आणा. आई त्याला स्कूटीवर घेऊन आली आणि दारातच मला म्हणाली, "ताई, तोफानी नाहीये हो तो, फक्त ध्यान नाही ठेवत." तिला बाहेरच्या बाकावर बसवून मी त्याला आत घेतलं. आत म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक पंखा. दुपारची वेळ, खालच्या लारीवरून सेव-उसळीच्या तरीचा वास वर येत होता आणि मला सारखं वाटत होतं की याला भूक लागली असणार, खाऊन आलाय की नाही कुणास ठाऊक. त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते. एक चप्पल कधीच गळून पडलेली, दुसरी अंगठ्यात अडकवून तो हलवत बसलेला.

कसोटीत एक भाग असतो, दोन गोष्टींची नावं घ्यायची आणि विचारायचं की या दोघांत सारखं काय. खरी जोडी इथे लिहीत नाही, कारण कसोटीतले प्रश्न असे उघड्यावर टाकले की ती कसोटी पुढच्या मुलाच्या कामाची राहत नाही. म्हणून जोडी माझी घेते, उत्तराचा ढंग मात्र त्याचाच आहे. समजा मोर आणि माकड. मी विचारलं, "मोर आणि माकड, दोघांत सारखं काय?" त्याला विचार करायला लागलाच नाही. "दोघं आमच्या अगाशीवर येतात."

मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं कशाला किती. 'प्राणी' म्हणालं तर पूर्ण गुण, 'शेपूट असते' म्हणालं तर अर्धे, बाकी शून्य. काही उत्तरं अशी असतात की त्यांना "अजून सांग बघू" म्हणायची परवानगी असते, पण हे त्यातलं नव्हतं. मुलं पेन्सिलीकडे बघतात, हे माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिल्या दिवशी सांगते. पॅड कितीही आडवं धरा, पलीकडे बसूनही त्यांना कळतं की पेन्सिलीने उभी रेघ मारली की गोल काढला. माझ्या पेन्सिलीने गोल काढला.

त्याची चप्पल हलायची थांबली.

अगाशी म्हणजे गच्ची. आम्ही बडोद्याचे लोक गच्ची कधीच म्हणत नाही, आणि पुण्याची मावसबहीण आली की या शब्दावर हसते. पण अगाशीला एक वेगळं आयुष्य आहे इथे. उन्हाळ्यात रात्री गाद्या घालायच्या, उत्तरायणला पहाटेपासून चढायचं, चिक्क्या आणि उंधियू वरच खायचं, लोणच्याच्या फोडी वाळवायच्या आणि त्यासाठी एकाने काठी घेऊन राखण बसायचं, कारण वांदरं येतात. काळ्या तोंडाची, लांब शेपटाची. राजवाड्याच्या आवारातून मोरही बाहेर येतात, पहाटे कठड्यावर बसून ओरडतात, आणि त्या बाजूच्या लोकांना त्याचं काही विशेष वाटत नाही. म्हणजे मुलाने जे सांगितलं ते शंभर टक्के खरं होतं. मी प्राणी कोणता, पक्षी कोणता, वर्ग कोणता असं विचारलं नव्हतं. सारखं काय ते विचारलं होतं. त्याने आठवून, त्याच्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं, आणि मला हवं होतं ते पुस्तकात पाहिलेलं.

एम.ए.ला असताना लुरियाचं प्रकरण शिकवलं होतं. १९३१-३२ च्या सुमारास हा रशियन मानसशास्त्रज्ञ उझबेकिस्तानातल्या शेतकऱ्यांकडे गेला आणि त्यांना कोडी घातली. लांब उत्तरेला, जिथे बर्फ आहे तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात, नोवाया झेमल्या उत्तरेला आहे, तर तिथली अस्वलं कुठल्या रंगाची? एकाने सांगितलं की मी काळं अस्वल पाहिलंय, दुसरं पाहिलेलं नाही, आणि जे पाहिलं नाही त्याबद्दल आम्ही बोलत नाही. हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका यातलं वेगळं काय म्हटलं तर ओंडका बाजूला काढायला माणसं तयारच होईनात, ओंडकाच नसेल तर करवत घेऊन करायचं काय? वर्ग हसला होता तेव्हा. मीही हसले होते. आणि त्याच संध्याकाळी घरी दांडिया बाजारात आजी पाट्यावर ओल्या नारळाची चटणी वाटत होती, तिला गंमत म्हणून अस्वलांचं विचारलं, तर वाटण न थांबवता म्हणाली, "जाऊन आलेल्याला विचार ना, मला काय विचारतेस." तेव्हा माझं हसू जरा कमी झालं.

दुसरी गोष्ट लायबेरियाची. क्पेले जमातीच्या लोकांसमोर संशोधकांनी भाज्या-फळं, हत्यारं, भांडीकुंडी असं सगळं मांडलं आणि गट करायला सांगितलं. त्यांनी बटाट्याजवळ सुरी ठेवली, कारण बटाटा सुरीने चिरतात. शहाणा माणूस असंच लावेल, असंही सांगितलं. शेवटी संशोधकाने कंटाळून विचारलं की मग मूर्ख माणूस कसं लावेल? तर झटक्यात त्यांनी सगळी हत्यारं एका ढिगात, सगळ्या खाण्याच्या वस्तू एका ढिगात, अगदी मॅन्युअलला हवं तसं लावून दाखवलं. हे वाचल्यापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसलीय की मुलाला येत नाही आणि मुलाने ते निवडलं नाही, या दोन गोष्टी उत्तरपत्रिकेवर सारख्याच दिसतात. दोन्हीकडे गोलच.

आमच्या सेंटरच्या कपाटात कसोट्यांच्या पेट्या आहेत. कपाट उघडलं की जुन्या पुठ्ठ्याचा आणि डांबरगोळ्यांचा वास येतो. त्यातली सगळ्यात जुनी बिने-कामत. मला तिच्या प्रवासाचं फार कौतुक वाटतं. फ्रान्समध्ये १८८२ मध्ये शाळा सक्तीची झाली, सगळी पोरं वर्गात आली, आणि आल्यावर कळलं की सगळी एका चालीने चालत नाहीत. मग सरकारला प्रश्न पडला की जास्त मदत कुणाला लागेल ते ओळखायचं कसं, आणि १९०५ मध्ये बिने आणि सिमों यांनी पॅरिसमध्ये पहिली कसोटी तयार केली. आता इकडे बघा, आमच्या सयाजीरावांनी आधी १८९३ मध्ये अमरेलीत आणि मग १९०६ मध्ये सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. म्हणजे पॅरिसमध्ये कसोटी झाली आणि पुढच्याच वर्षी बडोदा संस्थानातली पोरं, शेतकऱ्याची, विणकराची, सगळी, शाळेच्या दारात उभी. मागे पडणारा मुलगा हा सक्तीच्या शाळेनंतरच जन्माला येतो, त्याआधी तो फक्त मुलगा असतो, गुरं राखणारा किंवा दुकानात बसणारा. आमच्या गावाला हे लवकर कळायला हवं होतं असं मला कायम वाटतं.

बिने १९११ मध्ये गेला. ही कसोटी मुलाला शिकवायला मदत व्हावी म्हणून होती, बुद्धी एकदा मोजली की झाली असं तो मानत नव्हता, उलट ती वाढवता येते म्हणून भांडत होता. मग १९१६ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला टर्मन यांनी तिचं रूप बदललं, आणि त्या रूपावरून धारवाडच्या कामतांनी १९३४ मध्ये मराठी आणि कन्नड मुलांसाठी आपली केली. पुढे वेक्सलरच्या मुलांसाठीच्या कसोटीवरून नागपूरच्या मलिन यांनी १९६९ मध्ये भारतीय मुलांची केली. पॅरिस, कॅलिफोर्निया, धारवाड, नागपूर, आणि मग आमचं कपाट. प्रत्येक मुक्कामाला कुणीतरी बसून प्रश्न न् प्रश्न हातात घेऊन पाहिला असेल. नाणी बदलली, फळं बदलली, सण बदलले हे दिसतं. जे दिसत नाही ते क्रमाचं काम. या कसोट्यांत प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे जातात आणि ओळीने काही चुकले की थांबायचं असतं, मुलाला उगीच छळायचं नाही म्हणून. पण सोपं-अवघड हे गावागावाला बदलतं. तिकडच्या पोराला जे पाचव्या नंबरला सोपं ते इकडे बाराव्या नंबरचं असू शकतं, आणि क्रम तसाच ठेवला तर इथलं पोर सहाव्यालाच थांबतं आणि पुढचे चार त्याला येत असलेले प्रश्न त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. शब्द सगळे मराठीत, चूक एकही नाही, आणि तरी मुलगा कमी भरतो. म्हणून शेकडो मुलांसमोर बसून परत सगळं लावावं लागतं. हे काम करणाऱ्यांची नावं कुणाला माहीत नसतात.

मी स्वतः हे काम थोडंसंच केलंय. काही वर्षांपूर्वी इथल्या मराठी म्हाताऱ्या माणसांसाठी स्मरणशक्तीची एक छोटी तपासणी मराठीत करायची होती. मला वाटलं दोन आठवड्यांचं काम, मराठी माझं बरं आहे. मूळ इंग्लिश तपासणी १९७५ ची, जगभर वापरतात. तिच्यात एक वाक्य ऐकून जसंच्या तसं म्हणायचं असतं, 'नो इफ्स, ॲण्ड्स, ऑर बट्स'. मी केलं, 'जर नाही, आणि नाही, पण नाही'. रीतीप्रमाणे दुसऱ्या कुणाकडून ते परत इंग्लिश करून घेतलं, ते अगदी बरोबर परत आलं. मी खूश. आणि मग लक्षात आलं की मूळ वाक्य अवघड आहे ते अर्थामुळे नाहीच, शेवटच्या त्या सरसरणाऱ्या आवाजांमुळे आहे, तोंडात गुंता होतो तिथे माणूस अडखळतो का ते बघायचंय. माझ्या वाक्यात गुंताच नव्हता. अर्थ पूर्ण आला होता आणि ज्यासाठी ते वाक्य होतं तेवढंच मागे राहिलं होतं.

पुढचं त्याहून वाईट. 'वर्ल्ड' हा शब्द उलटा स्पेल करायचा. आता आमच्या लिपीत उलटं कसं करणार? 'जमीन' घेतला तर काही जण 'न, मी, ज' म्हणाले, काही 'नी, म, ज', आणि एका निवृत्त मास्तरांनी मलाच विचारलं की बाई, मात्रा अक्षराबरोबर जाणार की जागेवर राहणार ते आधी ठरवा. त्यांचं बरोबर होतं. हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत न शिकलेल्या म्हाताऱ्यांसाठी १९९५ मध्ये जी हिंदी आवृत्ती तयार झाली ती मग मी काढून नीट वाचली. त्यांनी हा प्रश्नच काढून टाकला आणि आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले. वाचून 'डोळे मिटा' करायचं होतं, तिथे माझ्या तोंडाकडे बघा आणि मी करते तसं करा. वाक्य लिहायचं होतं, तिथे तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा. हे वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खरंच. ज्याला अक्षर येत नाही त्याच्याकडे अक्षर मागायचं नाही, पण त्याचं डोकं कसं चालतंय ते तर बघायचंय, आणि त्यासाठी कुणीतरी त्याच्या ओसरीवर जाऊन बसलं होतं.

एका मिनिटात 'क' वरून जितके शब्द येतील तितके सांगा, हा अजून एक. इंग्लिशमध्ये सरळ आहे. इथे पहिल्याच आजींनी थांबवलं, "नुसता क की बाराखडी चालेल?" चालेल म्हणावं तर एक आकडा येतो, नाही म्हणावं तर वेगळाच, आणि आजी पहिले दहा सेकंद तर विचार करतात की किल्ली धरायची की नाही. आकडे ऐकून परत म्हणायचे तिथेही भाषा मधे येतेच. वेल्समधल्या लोकांना त्यांच्या भाषेत आकडे कमी लक्षात राहतात असं आधी वाटायचं, मग कळलं की वेल्श आकडे उच्चारायलाच जास्त वेळ लागतो म्हणून ते डोक्यात कमी मावतात. आमची पोरं तर एक-दोन-तीन मराठीत म्हणतात आणि पुढे 'सेव्हन, एट' वर कधी जातात त्यांनाही कळत नाही.

आजीवरही करून पाहिली मी ती स्मरणशक्तीची तपासणी. ती तेव्हा शहाऐंशीची, हिंचक्यावर बसलेली, हातात वातींचा कापूस. तारीख विचारली तर म्हणाली, उद्या चतुर्थी. मी म्हटलं बरं, वर्ष कुठलं? तिने वात वळायची थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कुणाचं?"

कुणाचं वर्ष. शेजारच्या पटेलकाकींचं दिवाळीनंतर बदलतं ते, आमचं पाडव्याला बदलतं ते, की पोस्टातलं. ती साठ वर्षं या तिन्हींत राहत होती आणि तिचा कधी घोळ झाला नाही. मी कागदावर काय लिहिलं ते आता आठवत नाही, बहुतेक मोकळीच जागा सोडली असेल.

मनाच्या दुखण्याच्या फॉर्मचंही तसंच. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस उदास वाटलं, अधूनमधून, अर्ध्याहून जास्त दिवस, की जवळजवळ रोज? रावपुऱ्यातल्या एक बाई, नवरा जाऊन वर्ष झालेलं, म्हणाल्या, "उदास नाही गं, मुंझारा होतो." हा गुजराती शब्द आमच्या मराठीत इतका मुरलाय की त्याला मराठी काय म्हणायचं मला सांगता येत नाही. छातीत कोंडतं, हवा कमी पडते, घराच्या भिंती जवळ येतात, उठून बाहेर ओट्यावर जावंसं वाटतं, ते सगळं मिळून मुंझारा. फॉर्मवर त्याला चौकट नव्हती. आणि दिवसांचं विचारलं तर म्हणाल्या, "दिवस मोजत बसता आलं असतं तर मी बरीच असते ना." मी 'उदास' समोर खूण केली. पुढच्या खेपेला फॉर्ममध्ये मुंझारा घातला, आणि बायका त्या ओळीवर येऊन थांबायला लागल्या, बोलायला लागल्या.

हे सगळं सांगताना एक गोष्ट अभिमानाने सांगाविशी वाटते. बाळांच्या वाढीचं मोजमाप देशात जिथे होतं तिथे 'बडोदा नॉर्म्स' हा शब्द कानावर पडतो. प्रमिला फाटक या आमच्याच सयाजीराव विद्यापीठातल्या. अमेरिकेत बेली यांनी केलेली बाळांची कसोटी त्यांनी साठच्या दशकात इथल्या बाळांवर, एक ते तीस महिन्यांच्या, करून पाहिली आणि आपली बाळं कधी मान धरतात, कधी वळतात, कधी ठोकळा उचलतात याचे आपले आकडे तयार केले. १९९७ मध्ये ती सुधारून पुन्हा आली, ६७ प्रश्न हालचालींचे आणि १६३ बुद्धीचे. या आकड्यांतूनच तिरुवनंतपुरमच्या डॉक्टरांनी १९९१ मध्ये १७ गोष्टी निवडून एक छोटा तक्ता केला, ज्याला एक पेन आणि किल्ल्यांचा जुडगा एवढंच लागतं. केरळमधल्या अंगणवाडीत कुणी बाळासमोर किल्ल्या वाजवते तेव्हा तिच्या हातातल्या कागदामागे आमच्या गल्ल्यांतली बाळं असतात.

आजी सांगायची की तेव्हा युनिव्हर्सिटीच्या पोरी वाड्यात यायच्या, पांढऱ्या साड्या, खांद्याला पिशवी, आणि पिशवीत लाल ठोकळे, घंटा, एक कप, दोरी बांधलेली कडी. शेजारच्या खोलीतल्या बाळाला चटईवर बसवून त्या ठोकळे मांडायच्या आणि घड्याळ बघायच्या. सगळ्या बायका दारात गोळा. बाळाने ठोकळा उचलला नाही की सगळ्या मिळून "घे रे, घे ना" करायच्या, आणि ती पोरगी अगदी हात जोडून म्हणायची, काकू, काही बोलू नका, त्याला त्याचं करू द्या. चहाला कधी थांबल्या नाहीत म्हणून आजीला वाईट वाटायचं. मला मात्र ते दार डोळ्यांसमोर दिसतं. माप घ्यायला त्या उंबरा ओलांडून आत आल्या होत्या. आमच्याकडे आता मूल स्कूटीवर बसून येतं, परक्या खोलीत, परक्या बाईसमोर, आणि आम्ही घड्याळ लावतो.

मग शून्याच्या जागी एक लिहून टाकायचा होता ना, असं कुणी म्हणेल. मी त्याच आठवड्यात माझ्या जुन्या बाईंना फोन केला, ज्यांनी मला हे शिकवलं. त्या ऐकून घेतात आणि मग बोलतात. म्हणाल्या, तुला मोर आवडला म्हणून आज तू गुण देशील, उद्या दुसऱ्या मुलाचं उत्तर तुला आवडणार नाही, त्याची अगाशी तू पाहिलेली नसेल, त्याने काय करायचं? सगळ्यांना तेच वाक्य, तोच आवाज, तेच गुण, यानेच गरिबाचं पोर आणि बंगल्यातलं पोर एका रांगेत येतं. आणि मला हे पटतं. आकडा उगीच नसतो, त्या आकड्यावर सर्टिफिकेट मिळतं, परीक्षेत जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो, शाळेला मुलाला ठेवून घ्यावं लागतं. आकडा ढिला केला तर ज्याला मदत हवीय त्याचीच मदत जाते. शिवाय वर्ग ओळखणं ही गोष्ट शाळेत लागतेच, 'प्राणी' हे उत्तर त्याला यायला हवं, ते येत नसेल तर कुणीतरी त्याला शिकवायला हवं, आणि माझ्या शून्याने तेवढं तरी कळतं. पण मी बाईंना म्हटलं, बाई, ते त्याला येत नाही हे मला अजून माहीतच नाहीये, मी विचारलंच नाही. त्या जरा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, रिपोर्टच्या खाली जागा असते ती कशाला ठेवलीय?

ती जागा खरंच असते. निरीक्षणं. आम्ही तिथे ठरलेली वाक्यं लिहितो, मूल सहकार्य करत होतं, नजरेला नजर देत होतं. यावेळी मी त्या इंग्लिश रिपोर्टमध्ये त्याचं वाक्य देवनागरीत, त्याच्या शब्दांत, उत्तर म्हणून लिहिलं. खाली लिहिलं की कसोटी चार भाषांच्या मुलावर एका भाषेत झाली आहे, बाकी भाषांत परत पाहायला हवं, आणि तोपर्यंत हा आकडा पक्का धरू नये. वाचनाची अडचण होती ती होतीच, तिचं वेगळं लिहिलं, काय करायचं तेही लिहिलं. मग कधी नव्हे तो एवढा लांब झालेला रिपोर्ट प्रिंट काढून पाकिटात घातला.

परवा दोघं आली रिपोर्ट न्यायला. आईने पहिल्यांदा आकडाच शोधला, सगळे शोधतात, मग खाली मराठी अक्षरं दिसली म्हणून थांबली, वाचलं, आणि त्याच्या पाठीत हलकेच चापट मारून म्हणाली, "अरे, असं सांगितलंस तू ताईंना?" तो लाजला. खुर्चीत बसून परत पाय हलवायला लागला, यावेळी बूट होते, पडायची सोय नव्हती. टेस्ट संपलेली होती, घड्याळ बंद, मॅन्युअल कपाटात. मी त्याला विचारलं, जे त्या दिवशी विचारायची परवानगी नव्हती ते, "का रे येतात दोघं तुमच्या अगाशीवर?"

"आजी कुंडं भरते ना," तो म्हणाला. "दोघांना तहान लागते."

मग त्याने सांगितलं की आधी मोर येतो, उजाडायच्या आत, वांदरं ऊन चढल्यावर येतात, आणि कुंडं उलटं करून जातात म्हणून आजीने आता त्याच्याभोवती विटा लावल्यात. आणि विटा कशा लावल्यात ते तो माझ्या टेबलावरच्या लाल ठोकळ्यांनी दाखवायला लागला.